गार इंजिन

बैल घेताना आम्ही दात बघतो, चालवून बघतो, जू मानेवर ठेवून बघतो. पण पहिली जुनी मोटरसायकल घेतली तेव्हा मी नुसता रंग बघितला. आईची दुभती गाय विकून पैसे उभे केले होते. मालकानं मी जायच्या आधीच गाडी तापवून ठेवलेली. एका किकेत चालू झाली आन् मी भुललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारा किका मारल्या, तेव्हा कुठं सायलेन्सरातून निळा धूर आला. फिटर म्हणाला, "भाऊ, रिंगा गेल्यात. गाडी ऑइल पितीया." मीटरवर वीस हजार किलोमीटर, पण फुटरेस्टचं रबर पार गुळगुळीत. मीटर मागं फिरवता येतो, हे तवा कळलं.

आता गावातली पोरं गाडी बघायला मला नेतात. मी आधी इंजिनाला हात लावतो. गरम असलं तर म्हणतो, "उद्या सकाळी येतो." मग स्प्रॉकेटचे दाते बघतो, आकड्यासारखे वाकले असतील तर चेनसकट खर्च आला. पुढच्या शॉकअपवर तेल पाझरलंय का, चाक डुगडुगतं का, इंजिन आणि चेसिस नंबर आरसी बुकाशी जुळतात का, बँकेचा बोजा उतरलाय का, सगळं तपासतो. गाडीला पंधरा वर्षं झाली असतील तर आरटीओत नोंदणीचं नूतनीकरणही बघावं लागतं.

आई त्या गाईबद्दल एकदाच बोलली, "आपली गाय नेणाऱ्यानं दोन वेळा धार काढून बघितली, मगच पैसं मोजलं रं."