‘घट्ट आवळा’ असं तोच म्हणाला होता

तीन वर्षं झाली, तरी स्वारगेटला एसटीतून उतरलो की ते दुकान आठवतं आणि डोकं तापतं. साडेसहा हजारांचा एअरब्रश आठ दिवसांत मोडला, त्याचं दुःख केव्हाच ओसरलं. पण एकाच माणसानं फोनवर ‘घट्ट आवळा’ सांगायचं आणि समोर गेल्यावर ‘एवढं आवळलंत कशाला’ असं विचारायचं, हे अजून पचलेलं नाही.

आम्ही भोरचे. वडील गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचे, मीही तेच करतो. गणपती गेले की दिवाळीची चित्रं. पुण्याकडे किल्ल्यावर मांडायच्या बाहुल्यांना चित्रंच म्हणतात: मावळे, तोफा, गवळणी, सिंहासनावरचे महाराज. राजगड आणि तोरणा शेजारी असलेल्या मुलखात दिवाळीचा किल्ला म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

त्या वर्षी वेल्ह्यातल्या एका शाळेनं राजगडाची प्रतिकृती करायची ठरवली. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या आणि मधे बालेकिल्ला. त्यावर दीडशे मावळे हवे होते आणि तेही दीड इंचाचे. एरवी मी अडीच-तीन इंची चित्रं रंगवतो. दीड इंचाच्या मावळ्याचा चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. आमची गणपतीची स्प्रे गन त्यावर धरली, तर पहिल्याच फवाऱ्यात नाक, मिश्या, मुंडासं सगळं एका रंगात बुडालं. नुसत्या कुंचल्यानं दीडशे नग करायचे तर अंगरंगाची छटा एकसारखी येईना. म्हणून बारीक एअरब्रश घ्यायला पुण्याला गेलो.

दुकानात तीन मापं होती. सुई-नोझल ०.२, ०.३ आणि ०.५ मिलिमीटरचं. दुकानदार म्हणाला, “दादा, बारीक कामाला बारीक नोझल. तुम्ही ०.२ घ्या.” मला ते पटलं. आमच्या कुंचल्यांचंही असंच असतं, डोळे आखायला शून्य नंबरचा कुंचला लागतो. घोडा दाबला की हवा आणि मागे ओढला की रंग, अशी दुहेरी चाल होती, वर छोटा कप होता. हातात घेतल्यावर जीव हरखला. घरी येऊन कागदावर केसासारखी रेघ मारली, तेव्हा वडील असते तर, असं मनात आलं.

तिसऱ्या दिवशी कपात बुडबुडे यायला लागले.

हे नीट सांगतो, कारण सगळं रामायण इथूनच सुरू होतं. एअरब्रशमध्ये रंग सुईच्या कडेनं नोझलमध्ये उतरतो आणि टोकाशी बाहेरून आलेली हवा त्याला ओढून नेते. नोझल बसतं तिथे एक फट राहिली, तर हवा पुढे न जाता मागे शिरते आणि रंगातून वर येते. कपात दूध उकळल्यासारखं दिसतं आणि फवारा धडधडत, तुटक पडतो. हे मला आज माहीत आहे, तेव्हा नव्हतं. मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “नोझल ढिलं असेल. सोबत छोटा पाना दिलाय ना, त्यानं घट्ट आवळा.” मी आवळलं. बुडबुडे कमी झाले, पण थांबले नाहीत. पुन्हा फोन केला. “अजून आवळा, लूज असणार.” हेच शब्द. मी ओसरीवर उभा होतो, पाऊस पडत होता, बायको शेजारी दळण निवडत बसली होती. तिनंही ऐकले.

अर्धा फेरा फिरवला आणि ‘टक्’ झालं. आवाज एवढा बारीक की पहिल्यांदा मला कळलंच नाही. मग नोझलचं टोक पान्यासकट हातात आलं आणि त्याचे आटे आतच राहिले. ते नोझल तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठं नसतं. आट्यांची भिंत कागदासारखी. त्याला पाना लावायचा तो नुसता टेकवायला, जोर लावायला नव्हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघालो. कापूरहोळला हायवेला लागेपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होतो. दुकानदारानं ब्रश उजेडात धरला आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, “हे तुम्ही आवळून मोडलंय. असं कुणी आवळतं का?” मी म्हणालो, “साहेब, तुम्हीच सांगितलंत.” “मी हातानं आवळा म्हणालो असेन.” “पाना घ्या म्हणालात.” त्यावर तो शेजारच्या माणसाकडे बघून म्हणाला, “नाजूक वस्तू असते, हात सवयीचा लागतो.”

हात सवयीचा लागतो! सोळाव्या वर्षापासून मी गणपतीचे डोळे आखतोय. एका श्वासात पापणी ओढावी लागते, हात हलला तर मूर्ती गेली. पण तिथे त्या क्षणी मला एक शब्द सुचला नाही. सगळी जुळवलेली वाक्यं घशात अडकली. नवं नोझल त्यानं पैसे घेऊनच देऊ केलं, आणि आतले मोडलेले आटे निघाल्याशिवाय ते बसणार नव्हतं. मी ब्रश उचलला आणि बाहेर पडलो. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून सगळी उत्तरं सुचली, एकेक, बिनतोड. ती मी अजून कुणाला दिलेली नाहीत.

ब्रश दुरुस्त झाला तो भोरमध्ये. आमच्या ओळखीच्या सोनारकाकांनी तो भिंगाखाली धरला, कानशीचं तीन धारी शेपूट मोडलेल्या आट्यांच्या भोकात अलगद रुतवलं आणि उलटं फिरवलं. पितळेची एक चकती बाहेर आली. दोन मिनिटांचं काम. पैसे घेतले नाहीत. मग त्यांनी विचारलं, “पण एवढं आवळायची वेळ का आली?” मी बुडबुड्यांचं सांगितलं. ते म्हणाले, “हवा जाते तर मेण लाव की आट्यांना. मधाच्या पोळ्याचं. जोर कशाला?” नोझल दुसरीकडून मागवलं. आट्यांना मेणाचं बोट लावलं, चिमटीनं बसवलं. बुडबुडे गेले. खरं सांगतो, त्या दिवशी राग दुप्पट झाला. एका मेणाच्या बोटानं जे भागत होतं!

यातून गेल्यावर मला कुणी विचारलं की मी सांगतो, ०.२ च्या मागे लागू नका, ०.३ घ्या. जरीकाठाला सोनेरी रंग मारायचा तर त्यातली चमक ०.२ मध्ये अडकते. पांढरा रंग टोकावर वाळून बसतो. रंग दुधाइतका पातळ करा, दाब पंधरा-वीस पीएसआयच्या आसपास ठेवा. नोझल आट्यांशिवाय नुसतं टेकून बसणारं मिळालं तर तेच घ्या. आणि ब्रशवर खर्च करण्याआधी कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर बसवा. पुण्यात त्यावाचून एकवेळ चालून जाईल, वेल्ह्यात नाही. शाळेच्या व्हरांड्यात मी आश्विनात काम करत होतो, तोरण्यावरून ढग उतरत होते. ओली हवा टाकीत दाबली जाते, गार झाली की तिचं पाणी होतं आणि नळीतून थेट चित्रावर येतं. सतरा मावळ्यांच्या चेहऱ्यांवर पांढरे ठिपके पडले. सगळे पुन्हा रंगवले. त्यात ब्रशचा काही दोष नव्हता.

हे सगळं सांगतो खरा, पण ०.२ मी टाकून दिलेला नाही. गालाखालची, मुंडाशाच्या सावलीतली ती एवढीशी गडद छटा दुसऱ्या कशानं येतच नाही. डोळे मात्र आजही कुंचल्यानंच.

वेल्हे तालुक्याचं नाव राजगड ठेवायचं २०२४ मध्ये ठरलं. २०२५ च्या जुलैमध्ये राजगड जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्या दिवाळीआधी शाळेनं पुन्हा मावळे मागितले. ०.२ चं नोझल झिजलं होतं, आणि मला हवं ते पुण्यात एकाच ठिकाणी होतं. त्याच दुकानात. पाय ठेवणार नाही अशी शपथ घेतली होती, तरी गेलो.

त्यानं मला ओळखलं नाही. पैसे मोजून घेतले, पुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “दादा, बसवताना पाना लावू नका हं. चिमटीनं बसवा, फार नाजूक असतं. गळलं तर मेण लावा.”

तीन वर्षं घोकलेलं वाक्य जिभेवर आलं होतं. मी ‘बरं’ म्हणालो आणि पुडी खिशात ठेवली. भोरच्या गाडीत बसल्यावर ती काढून दोनदा पाहिली. त्याला हे कुणी शिकवलं असेल, याचा कापूरहोळ येईपर्यंत विचार करत होतो. माझ्या मोडलेल्या नोझलनंच शिकवलं असेल, तर निदान पुढच्या माणसाचं तरी वाचलं. पण मग त्यानं मला ओळखायला हवं होतं.