झाशीच्या उन्हातून परदेशातल्या उन्हात : पहिली मोटरहोम सहल कुठे कराल?

मे महिन्यातली दुपार आहे. झाशीच्या इलाइट चौराह्यावर उसाच्या रसाच्या गाडीजवळ तुम्ही डोक्याला रुमाल बांधून उभे आहात. पारा ४३-४४च्या आसपास. इतक्यात मुलगी मोबाइल पुढे करते, "बाबा, यंदा परदेशात मोटरहोम भाड्याने घेऊन फिरू या ना! मस्त ऊन असेल अशा ठिकाणी!"

तुमच्या तोंडून काय निघेल? "ऊन? ते इथे कमी आहे का?"

पण मुलीचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं छोटं घर. झोपायला बिछाने, दोन शेगड्या, फ्रिज, छोटंसं शौचालय, सगळं एकाच गाडीत. अशा सहलीत ठिकाण निवडताना ऊन हाच पहिला प्रश्न असतो. मात्र या विषयावरचे बरेचसे सल्ले थंडीला कंटाळलेल्या युरोपीय लोकांसाठी असतात. ते हिवाळ्यात स्पेन, पोर्तुगालकडे पळतात. त्यांची यादी जशीच्या तशी आपल्याला लागू पडत नाही. आपल्याला आपली यादी करायला हवी.

ऊन नेमकं कशासाठी?

मोठी मोटरहोमसुद्धा साधारण ७ मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद असते. हवा कोरडी असेल तर हे घर मोठं होतं. बाहेर खुर्च्या टाकता येतात, आजी सकाळचा चहा झाडाखाली घेते, मुलं गवतावर खेळतात, कपडे वाळतात. पाऊस लागला की पाच-सहा माणसं त्याच खोक्यात अडकतात. त्यात मोहरी-हिंगाची फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजायला लागतो!

म्हणून आपल्याला हवं आहे ते कोवळं, कोरडं, २५-२६ अंशांचं ऊन. ज्यात दिवसभर दार उघडं ठेवता येईल आणि रात्री पांघरूण घेऊन झोपता येईल.

आधी सुट्टी बघा, मग देश

झाशीचं नाव मराठी प्रवासवर्णनात फार जुनं आहे. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले ते नेमके १८५७ साली आणि पुढे झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांचं 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७मध्ये छापून आलं. काळ कसा येईल हे त्यांच्या हातात नव्हतं. आपल्या हातात निदान महिना निवडणं तरी आहे.

शाळेला सुट्टी केव्हा, यावरून ठिकाण ठरवा.

नाताळची सुट्टी असेल तर न्यूझीलंड. तिथे तेव्हा उन्हाळा असतो आणि रात्री नऊपर्यंत उजेड राहतो. दिवाळीची सुट्टी मोठी असेल तर दक्षिण आफ्रिकेचा केप टाउनकडचा किनारा. तिथे तेव्हा वसंत ऋतू असतो, पण रात्री गाडी चालवणं कटाक्षाने टाळायचं.

आणि बहुतेक कुटुंबांना मिळते ती मे-जूनची सुट्टी? तेव्हा न्यूझीलंडमध्ये थंडी आणि केप टाउनला पावसाळा असतो. युरोपात ऊन छान असतं, पण तिथे बहुतेक देशांत गाडी उजव्या बाजूने चालते. पहिल्यांदाच एवढी मोठी गाडी, अनोळखी रस्ता आणि त्यात बाजूही उलटी! मागे आई-वडील आणि मुलं बसलेली असताना हा प्रयोग नको. युरोप दुसऱ्या सहलीसाठी ठेवा.

मग उरतो उत्तर ऑस्ट्रेलिया. आमच्या मते मे-जूनच्या पहिल्या सहलीसाठी तोच सगळ्यात सोयीचा. गाडी डाव्या बाजूने, पाट्या इंग्रजीत आणि हवा तर मागून घेतल्यासारखी. क्वीन्सलँड राज्यातल्या केर्न्स शहरात पावसाळा साधारण डिसेंबर ते एप्रिल असतो. जूनमध्ये दिवसा २६ अंशांच्या आसपास, रात्री १७-१८. झाशी भाजत असते तेव्हा तिथे आपल्याकडच्या फेब्रुवारीसारखं ऊन पडलेलं असतं.

मार्ग छोटाच ठेवा

पहिल्या सहलीत सगळ्यात मोठी चूक होते ती नकाशा बघून. ऑस्ट्रेलिया एका बोटात मावतो, पण ब्रिस्बेन ते केर्न्स हा रस्ताच सुमारे १७०० किलोमीटरचा आहे. तो हट्ट सोडा. केर्न्स ते टाउन्सव्हिल एवढंच करा. हे अंतर साधारण ३५० किलोमीटर, म्हणजे झाशीहून खजुराहोला जाऊन परत येण्याएवढं. त्याला आठ-दहा दिवस द्या.

आधी केर्न्सहून पोर्ट डग्लस. समुद्राच्या कडेकडेने जाणारा ६५ किलोमीटरचा रस्ता. ग्रेट बॅरियर रीफ म्हणजे प्रवाळांची प्रचंड रांग पाहायला या दोन्ही गावांतून बोटी सुटतात. मग दक्षिणेला मिशन बीच. तिथल्या रस्त्यावर कॅसोवरी हा माणसाएवढा उंच पक्षी अचानक आडवा येतो, म्हणून वेग कमी ठेवा. वाटेत इनिसफेल आणि इंगमच्या आसपास दोन्ही बाजूंना उसाचे मळे. जूनच्या सुमाराला तोडणी सुरू होते आणि उसाने भरलेल्या लहान रेल्वेगाड्या रस्ता ओलांडतात. शेवटी टाउन्सव्हिल. तिथून बोटीने सुमारे २० मिनिटांत मॅग्नेटिक आयलंड. मुलांना कोआला बघायचा असेल तर मोटरहोम किनाऱ्यावर उभी करून तिथे जा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. उत्तरेकडच्या नद्या आणि खाड्यांत मगरी असतात. पाटी दिसली की काठावरही रेंगाळू नका. समुद्रात साधारण नोव्हेंबर ते मे या काळात विषारी जेलीफिश येतात. पोहायचंच असेल तर जाळी लावलेल्या जागी, जीवरक्षक असतील तिथेच.

इलाइट चौराह्याची सवय घरी ठेवा

इलाइट चौराह्यावर गाडी चालवणाऱ्याला कुठेही भीती नाही, असं आपण गमतीने म्हणतो. ते निम्मंच खरं आहे. ई-रिक्षा, टेम्पो, मोटरसायकली आणि मध्येच उभी राहिलेली गाय यांच्यातून वाट काढणाऱ्याची नजर तयार असते, हे खरं. पण इथे जागा कोणी देत नाही, ती हॉर्न वाजवून घ्यावी लागते. तिथे नेमकं उलट. गोल चौकात आधीच शिरलेल्या गाडीला जाऊ द्यायचं, म्हणजे उजवीकडून येणाऱ्याची वाट पाहायची. पांढऱ्या रेषेशी थांबायचं. मागचा हॉर्न वाजवत नाही, म्हणून घाईही करायची नाही.

मोटरहोमची उंची तीन मीटरहून जास्त असू शकते. पेट्रोल पंपाचं छत, पार्किंगची कमान, झाडाची फांदी यांकडे लक्ष हवं. गाडीची उंची एका कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. शक्य असेल तर ऑटोमॅटिक गिअरची गाडी मागा.

जूनमध्ये तिथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि तिन्हीसांजेला वॉलबी रस्त्यावर येतात. म्हणून नियम एकच करा: सकाळी दहाला निघायचं, दुपारी तीनला मुक्कामी पोचायचं. विमानातून उतरल्या दिवशी गाडी ताब्यात घेऊच नका. एक रात्र हॉटेलात झोपा. घरातल्या दुसऱ्या कोणाचंही नाव चालक म्हणून नोंदवा. बहुतेक घरांत बाबा एकटेच गाडी चालवतात आणि थकल्याचं कबूल करत नाहीत. सगळ्या कुटुंबाचा जीव त्या एका माणसाच्या जागेपणावर असतो, हे विसरू नका.

कागदपत्रं आणि पैसे

क्रम लक्षात ठेवा. आधी व्हिसा. ऑस्ट्रेलियाचा पर्यटक व्हिसा ऑनलाइन मागता येतो आणि प्रत्येकाचा अर्ज वेगळा असतो. मग आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. त्यासाठी परिवहन खात्याच्या पोर्टलवरून किंवा आरटीओत फॉर्म ४ए भरायचा, शुल्क १००० रुपये. हा परवाना जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. सोबत मूळ भारतीय परवाना न्यायलाच हवा.

गाडी ठरवताना बिछाने मोजू नका, सीटबेल्ट मोजा. गाडी चालू असताना प्रत्येकाने पट्टा लावून बसायचं असतं. मागे चहा करणं, झोपणं चालत नाही. सात वर्षांखालच्या मुलाला वेगळी सुरक्षित आसनव्यवस्था लागते.

खर्च फक्त रोजच्या भाड्याचा नसतो. विमा, क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवलेली अनामत, डिझेल, दुसऱ्या शहरात गाडी सोडण्याचं जादा शुल्क आणि रोजच्या कॅम्पच्या जागेचे पैसे हे सगळं आधी मांडा. तिथल्या शाळांची हिवाळी सुट्टी जूनच्या अखेरीस सुरू होते आणि जागा मिळणं अवघड होतं. म्हणून मेचा शेवट ते जूनचा मध्य हा काळ धरा.

आणि हो, आजीचं लोणचं! ऑस्ट्रेलियात खाद्यपदार्थांचे नियम फार कडक आहेत. जे न्याल ते विमानतळावरच्या अर्जात लिहा, लपवलंत तर मोठा दंड होतो. तांदूळ, डाळ, भाज्या तिथेच घ्या. फोडणीची काळजी नको. कॅम्पच्या जागी सामायिक स्वयंपाकघर असतं आणि बऱ्याच बागांमध्ये विजेच्या मोफत शेगड्याही असतात.

निघण्याआधीची रंगीत तालीम

तिकीट काढण्याआधी एक गंमत करा. संध्याकाळी गच्चीवर खडूने ७ मीटर बाय सव्वादोन मीटरचा आयत आखा. एक रात्र सगळ्यांनी त्यातच राहायचं. रेषेबाहेर पाय टाकायचा नाही. कोण कुठे झोपेल, आजी रात्री कोणाला न उठवता शौचालयापर्यंत कशी जाईल, पिशव्या कुठे ठेवायच्या, शौचालयाची टाकी रिकामी करण्याची पाळी कोणाची, हे सगळं तिथे ठरेल. भांडण व्हायचं असेल तर तेही गच्चीवरच फुकटात होऊ द्या.

त्यानंतर आजी सकाळी हसत उठली आणि बाबांनी दुसऱ्या चालकाचं नाव मान्य केलं, तर व्हिसाचा अर्ज भरायला घ्या.

मग पुढच्या जूनमध्ये तुम्ही इनिसफेलजवळ रस्त्याच्या कडेला थांबलेले असाल. समोरून उसाची गाडी डुलत जात असेल, दाराबाहेर खुर्चीत आजी ऊन खात बसलेली असेल आणि मुलगी विचारेल, "बाबा, इलाइटचा उसाचा रस आठवतोय का?" त्या वेळी ऊन कमी आहे की जास्त, हा प्रश्न कोणालाच पडणार नाही.