इंजिन सोडून बाकी सगळं

मिरजेत आमच्या काकांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि समोर एक चिंचेचं झाड. झाडाच्या आडव्या फांदीला चेनपुली टांगलेली. ऐंशीच्या दशकात पेट्रोल परवडेना म्हणून लोक जुन्या पेट्रोल जीपा घेऊन यायचे. काका त्यांचं इंजिन फांदीला लटकवून वर ओढायचे आणि भंगारातून आणलेलं डिझेल इंजिन तिथे खाली सोडायचे. मी दहा-अकरा वर्षांचा, पाने उचलून देण्याच्या कामावर. इंजिन जागेवर टेकलं की काम संपलं, असं मला वाटायचं. काका मात्र पुढचे आठ दिवस त्याच जीपखाली उताणे पडलेले असत. ते तिथे काय करत होते, हे कळायला मला मिशिगनमध्ये घर घ्यावं लागलं.

घराबरोबर गॅरेज आलं आणि गॅरेजबरोबर दुर्बुद्धी. डेट्रॉइटच्या आसपास ज्याला-त्याला गाड्यांचं वेड, त्यात मी नोकरीलाही मोटारींच्याच धंद्यात. 1998 सालची शेवरोले एस-10 मला स्वस्तात मिळाली. छोटा पिकअप, ताकद मागच्या चाकांना, पुढे 4.3 लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन. हे इंजिन म्हणजे जनरल मोटर्सच्या जुन्या 5.7 लिटर व्ही-8 मधले दोन सिलिंडर वजा केलेलं रूप. त्यामुळे बॉनेटखाली व्ही-8 मावू शकतं, हे इथल्या हौशी लोकांनी फार पूर्वीच ओळखलं होतं. 1999 पासून सिल्व्हराडो, टाहो अशा मोठ्या गाड्यांत 5.3 लिटरचं नवं व्ही-8 येऊ लागलं. त्या गाड्या लाखांनी खपल्या, म्हणून भंगारातही ढिगाने आल्या. मी 2002 सालचं, 285 हॉर्सपॉवरचं इंजिन गिअरबॉक्स, वायरिंग आणि कॉम्प्युटरसकट उचललं.

काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना व्हिडिओवर इंजिन दाखवलं. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "इंजिन झकास हाय. पण तेलाचा चेंबर खाली किती येतोय, ते बघितलास काय? आमच्या जीपला तोच नडायचा."

मी बघितला नव्हता. ट्रकच्या इंजिनाचा चेंबर चांगलाच खोल असतो, आणि एस-10 च्या चासीची आडवी बीम नेमकी त्याच्या वाटेत. यावर इथला रुळलेला उपाय म्हणजे 1998 ते 2002 च्या कॅमॅरोचा उथळ चेंबर. पण चेंबर बदलला की आतली तेल ओढणारी नळीही बदलायची. नळी पंपात बसते तिथे एक रबरी रिंग असते, करंगळीतल्या अंगठीएवढी. मी नळी बसवली, बोल्ट कसला, चेंबर लावला, इंजिन गाडीत उतरवलं, फौंडेशनं आवळली. मग पेट्रोल आणि स्पार्क बंद ठेवून नुसता स्टार्टर फिरवला, तेलाचं प्रेशर चढतंय का बघायला. काटा हलला नाही. थांबून पुन्हा फिरवला. काटा ढिम्म.

रिंग बसवताना चिमटली गेली होती. पंप तेलाऐवजी हवा ओढत होता. चूक सर्वस्वी माझी. तेल लावून हलकेच ढकलायची ती रिंग मी बोल्ट कसून ओढून बसवली होती. गाडीत बसलेल्या इंजिनाचा चेंबर जागेवर निघत नाही. दोन-तीन डॉलरच्या रबरासाठी अख्खं इंजिन परत वर. तो रविवार मी विसरणार नाही. बायकोने दार उघडून टांगलेलं इंजिन पाहिलं आणि काही न बोलता दार लावून घेतलं.

पुढच्या रविवारी काटा चढला. पेट्रोल जोडलं, चावी फिरवली, आणि आठही सिलिंडर असे काही बोलले की समोरच्या घराचा पडदा हलला. दोन सेकंद. मग इंजिन गप्प. पुन्हा चावी, पुन्हा दोन सेकंद. या वेळी मात्र बिघाड काहीच नव्हता. चोरीला आळा म्हणून त्या इंजिनाचा कॉम्प्युटर मूळ गाडीच्या दुसऱ्या कॉम्प्युटरकडून परवलीचा शब्द मागतो. तो मिळाला नाही की पेट्रोल तोडतो. ती मूळ गाडी एव्हाना चेपून पत्रा झाली असणार. लॅपटॉप जोडून ते कुलूप प्रोग्रॅममधून काढावं लागलं. चिंचेखाली काकांना हा प्रकार कधी भेटला नसता.

रेडिएटर, विजेचे पंखे, सायलेन्सरचे पाइप यांबद्दल काय लिहायचं? चार शनिवार-रविवार आणि सोललेली बोटं.

खरी गंमत मागच्या एक्सेलची. माझ्या गाडीतलं क्राउन व्हील 7.625 इंची, सहा सिलिंडरच्या बेताचं. लोक तिथे फोर्ड एक्सप्लोररचा 8.8 इंची एक्सेल घालतात. 1995 नंतरच्याला डिस्क ब्रेकही मिळतात. शेवरोलेखाली फोर्ड म्हणजे इकडे आंतरजातीय लग्नच. कमानपाट्यांच्या बैठका कापून नव्या वेल्ड केल्या, एक्सेल चढवला, चाक उचललं, तर ते बसेना. दोन्हीकडे बोल्ट पाचच. पण फोर्डचे 114.3 मिलिमीटरच्या वर्तुळावर आणि शेवरोलेचे 120.65 च्या. सव्वासहा मिलिमीटरसाठी सगळं अडलं. शेजारी एक निवृत्त टूल-अँड-डाय मेकर राहतो. त्याने शाफ्ट आणि डिस्क आपल्या मिलिंग मशीनवर घेऊन जुन्या भोकांच्या मधोमध नवी पाच भोकं पाडली, केसभरही इकडेतिकडे नाहीत. मजुरी म्हणून त्याने माझं जुनं 4.3 नेलं, त्याच्या बोटीतही तेच इंजिन आहे, सुटे भाग होतील म्हणाला.

मिशिगनमध्ये धुराची तपासणी नाही, तरी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मी काढले नाहीत. कॅलिफोर्नियात असतो तर सरकारी रेफरीसमोर गाडी उभी करावी लागली असती. तिथे इंजिन गाडीपेक्षा जुनं चालत नाही आणि त्या इंजिनाची धूर कमी करणारी सगळी यंत्रणा जागेवर लागते. आपल्याकडेही इंजिन बदललं की आरटीओची मंजुरी आणि आरसी बुकावर नोंद हवीच. काकांचा निम्मा वेळ त्यात जायचा आणि शिव्यांचा साठा सगळा.

चालवायला कशी आहे, हे सगळे विचारतात. पळते. 1991 मध्ये जीएमसीने याच छोट्या पिकअपवर टर्बो चढवून सायक्लोन नावाची गाडी काढली होती, 280 हॉर्सपॉवरची. एका मासिकाने तिची फेरारीशी शर्यत लावली आणि पाव मैलात ती पुढे निघाली. पण ताकद चारही चाकांना वाटून द्यायची, हे शहाणपण त्या गाडीकडे होतं. माझ्या गाडीची सगळी ताकद मागच्या दोन चाकांत, आणि त्यांच्यावर रिकामा हौदा.

पहिल्या बर्फात मला घरासमोरचा उतारसुद्धा चढता आला नाही. पेडलला नुसता पाय टेकवला तरी मागची चाकं जागच्या जागी गरगरायची. आता नोव्हेंबर लागला की मी हार्डवेअरच्या दुकानातून साठ-साठ पौंडांच्या चार वाळूच्या पिशव्या आणतो आणि हौद्यात, एक्सेलच्या बरोबर वर टाकतो. एप्रिलपर्यंत शंभरावर किलो वाळू माझ्याबरोबर ऑफिसला ये-जा करते.

परवा काकांना व्हिडिओवर पिशव्या दाखवल्या. ते म्हणाले, "वाळूचंच भाडं मारायचं हुतं तर आधीचं इंजिन काय वाईट हुतं रे?"