दोन मुनिया

पावसाळ्यात नदीकाठच्या पाणकणसांत लाल मुनियाचा नर काडीवर येऊन बसतो. मुठीत मावेल एवढा जीव. अंगभर लाली आणि तिच्यावर पांढऱ्या ठिपक्यांची पखरण. चोचीत गवताचं पातं धरून तो मादीपुढे खाली-वर झुलतो, बारीक आवाजात गातो. गाणं इतकं हळू, की शेजारून एखादी मोटारसायकल गेली तरी ते बुडून जातं. वीण आटोपली की ही लाली उतरते, नर मादीसारखाच भुरा होतो.

तिची सख्खी बहीण म्हणजे हिरवी मुनिया. पाठ हिरवी, पोट पिवळं, कुशीवर काळे-पांढरे पट्टे. ती बघायला पक्षीवेडे मुद्दाम अबूच्या डोंगरावर जातात. अचलगडाच्या बाजूला घाणेरीच्या जाळीतून थवा शेताच्या कडेला उतरतो, बी टिपतो आणि जरा चाहूल लागली की जाळीत गडप होतो.

लाल मुनिया भारतापासून पार जावापर्यंत आहे. पिंजऱ्यातून निसटलेल्या पाखरांनी स्पेन, इजिप्त आणि फिजीतही संसार थाटले. हिरवी मात्र फक्त भारताची, आणि इथेही अरवली व मध्य भारतात विखुरलेली. म्हणूनच आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत पहिलीची फारशी चिंता नाही, दुसरीवर 'असुरक्षित' असा शिक्का आहे.

दोघींचा वैरी एकच: पिंजरा. मुनिया थव्याने चरतात, थव्यानेच उसात मुक्कामाला येतात, त्यामुळे जाळं पडलं की अख्खा थवा सापडतो. विक्रीला पोचण्याआधीच त्यातली कितीतरी पाखरं मरतात. लाल मुनियाचा एक थवा गेला तर शेजारच्या गवतातून दुसरा येईल. हिरवीचा गेला तर ती जागा कायमची ओस पडू शकते. झुडपं तोडून, कीटकनाशकं मारून आपण तिचा उरलासुरला आसराही काढून घेतो आहोत. १९९१ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली, तरी चोरून विक्री चालतेच.

पिंजऱ्यातली मुनिया दिसली की काळीज हलतं, विकत घेऊन सोडून द्यावीशी वाटते. कृपा करून तसं करू नका. त्या पैशांतून उद्याचं जाळं विणलं जातं. महाराष्ट्रात असाल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.