सातबारा आधी, लॉगिन नंतर

तलाठी म्हणून (आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी) जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यात रुजू होणाऱ्या माझ्यासारख्या नव्या माणसाच्या हाती सज्जाचे दप्तर आणि डिजिटल सहीचे डोंगल जवळपास एकदमच येते. दप्तर कपाटात राहते आणि डोंगल लॅपटॉपला लागते. मग जो तो विचारतो, ‘ई-फेरफार जमायला लागले का?’ मला हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारलेला वाटतो. फेरफार नोंदवण्याची ही संगणक प्रणाली अनोळखी असते हे खरे, पण तिच्यातली बटणे कोणालाही लवकर सरावाची होतात. तिच्यातल्या प्रत्येक रकान्यामागे 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातले एखादे कलम आणि गावाचा कित्येक वर्षांचा कागद उभा असतो, आणि सरावाचे व्हायला हवे ते हे. आमची भरती त्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. 2023 च्या तलाठी परीक्षेत 100 प्रश्न आणि 200 गुण होते. विषय मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि अंकगणित-बुद्धिमत्ता. त्या परीक्षेतून आलेल्यांत अभियंते आहेत, पदव्युत्तर आहेत. संगणकाची भीती यातल्या कोणालाच नाही. पोटखराबा वर्ग अ आणि वर्ग ब यांत फरक काय, हे मात्र कोणी कधी विचारलेले नसते.

वारस नोंदीचे उदाहरण घ्या, कारण सज्जावर सर्वाधिक गर्दी तिचीच. खातेदार मयत झाला की अर्ज येतो, हल्ली ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतूनही येतो. फेरफाराचा प्रकार ‘वारस’ निवडायचा, मयताचे नाव कमी करायचे, पत्नी, मुलगे आणि मुली यांची नावे चढवायची. क्षेत्राची बेरीज जुळली की प्रणाली पुढे जाऊ देते. कलम 150 ची नोटीस निघते, हरकतीचे 15 दिवस सरतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. सगळे बिनबोभाट. पण मयताचे नाव सातबारावर मुळात ए.कु.मॅ. म्हणून, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागले असेल तर? मग जमीन त्याच्या एकट्याची कधीच नव्हती. त्याच्या पाठच्या भावाबहिणींचा हक्क त्याच नावाआड झाकलेला असतो, आणि तो कळतो फक्त ज्या जुन्या फेरफाराने ते नाव लागले तो फेरफार काढून वाचला तर. जुन्नर-आंबेगावात हे विशेष जपावे लागते. इथल्या घराघरांतून माणसे मुंबईला गेलेली आहेत, डबेवाल्यांत तर या दोन तालुक्यांचे कितीतरी. चावडीवर लागलेली नोटीस मुंबईतल्या चाळीत कोण वाचणार? हरकत न येणे म्हणजे संमती असणे, असे इथे धरून चालत नाही. एकदा नोंद प्रमाणित झाली की त्या भावाला मंचरच्या प्रांत कार्यालयात अपिलाची पायरी चढावी लागते.

यावर पहिला आक्षेप असा की चुका अडवायलाच तर प्रणाली आहे. तिच्यातले विसंगती दाखवणारे ओडीसी अहवाल कशासाठी असतात? मान्य. एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज यांतला फरक ती नेमका पकडते, माणसापेक्षा चांगला पकडते. पण ती बेरीज तपासते, हक्क नाही. चुकीच्या चार वारसांमध्ये दोन हेक्टर बरोबर वाटले तर तिच्या लेखी सगळे ठीक असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: हस्तलिखित काळात काय रामराज्य होते? नव्हतेच. खाडाखोड, मागच्या तारखेच्या नोंदी, दोन नोंदींच्या मध्ये घुसवलेली तिसरी, आणि उताऱ्यासाठी मारावे लागणारे हेलपाटे. ई-फेरफारमध्ये नोंदीचा क्रमांक आणि तारीख कोणाच्या मर्जीवर राहिली नाही. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा तलाठ्याला न भेटता मिळू लागला, ही शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठीच सुटका. माझे म्हणणे प्रणालीविरुद्ध नाहीच. जुन्या तलाठ्याला गाव नमुने हाताने लिहिता लिहिता कळत गेले. नमुना 6 मधून 7 वर आणि 7 वरून 8अ मध्ये काय जाते, हे त्याच्या बोटांना ठाऊक होते. ती शिकवणी संगणकाने नकळत बंद केली आणि तिच्या जागी दुसरी कोणी सुरू केली नाही. विभागीय परीक्षा असते हे खरे, पण ती पास होईपर्यंत सही थांबत नाही.

पद्धत चांगली, पण ती राबवणारे हात तयार नाहीत, हा अनुभव पुणे जिल्ह्याला तसा नवा नाही. 1830 च्या सुमारास प्रिंगल साहेबाने इथे निव्वळ उत्पन्नाच्या हिशेबावर सारा ठरवण्याची पद्धत आणली. सिद्धांत पक्का होता, पण हाताखालच्या नोकरवर्गाला ते गणित पेलले नाही आणि मोजणीच खोटी ठरली. पुढे 1835 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातून नव्याने सुरुवात केली. जमिनीच्या नऊ प्रती, आणेवारीत मांडलेल्या, कारकुनाला खड्डा खणून माती पाहून ठरवता येतील अशा. ती पद्धत टिकली. आज पडद्यावर ‘आकार’ नावाचा जो रकाना आम्ही निमूट भरतो, त्याचे मूळ त्या पद्धतीत आहे.

गावागणिक दप्तर बदलते, हे तर कोणत्याही माहितीपुस्तिकेत मावणारे नाही. नारायणगाव-ओतूरकडे बागायत, तिथे रोजचे काम खरेदीखत, सोसायटीचा बोजा, बोजा कमी. पश्चिमेला आहुपे, घाटघरकडे गेले की आदिवासी खातेदार, म्हणजे कलम 36 अ चे निर्बंध आधी पाहायचे. डिंभे धरणाने ज्याच्या नावाचे मूळ गावच पाण्याखाली घातले त्या आंबेगाव तालुक्यात ‘इतर अधिकारा’तला पुनर्वसनाचा शेरा ओलांडून पुढे जाता येत नाही. 15 ऑगस्ट 2021 ला राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी बागायती पट्ट्यात शेतकरी स्वतः करू शकतो. डोंगरउतारावर नाचणी-वरईची जागा वर्षागणिक सरकते आणि मोबाइलच्या रेंजचा भरवसा नसतो. ‘चालू पड’ की ‘कायम पड’, हे तिथे ॲपला विचारून कळत नाही, वहिवाट माहीत असलेल्या माणसाला विचारावे लागते.

वेळ कुठे आहे, हा शेवटचा आक्षेप. सज्जे रिकामे, एकेका तलाठ्याकडे शेजारच्या सज्जाचा अतिरिक्त कार्यभार. महिनाभर दप्तर वाचत कोण बसणार? महिना लागणारही नाही. निकाली निघालेली अपिले प्रांत कार्यालयांत आहेतच. त्यांतली वारस, वाटप, ए.कु.मॅ. आणि हक्कसोड यांची मोजकी प्रकरणे निवडावीत, मूळ फेरफार नव्या माणसापुढे ठेवावा आणि विचारावे, इथे कोणाचे नाव राहिले? निकाल नंतर दाखवावा. डोंगल त्यानंतर दिले तरी कामाचे काही अडत नाही. तोवर सही मंडळातला अनुभवी तलाठी करू शकतो, अतिरिक्त कार्यभार म्हणून तो ती एरवीही करतोच.