मावशींची रात्रपाळी

वृद्धाश्रम निवडताना आपण खोली हवेशीर आहे का, जेवण कसे आहे, डॉक्टर कधी येतात हे पाहतो. ते पाहावेच. परंतु एका वृद्धाश्रमात 11 वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यावर मी आपणांस आणखी एक प्रश्न सुचवीन : रात्री येथे किती मावशी असतात आणि त्या सलग किती तास काम करतात?

थोडा हिशेब करून पाहा. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला शय्याव्रण होऊ नये म्हणून साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. अशा 10 व्यक्ती आणि 12 तासांची पाळी धरली, तर एका रात्रीत ते 60 वेळा करावे लागते. शिवाय डायपर बदलणे, ओल्या चादरी काढणे, हात धरून शौचालयापर्यंत नेणे आहेच. स्मृतिभ्रंश झालेल्या काहींची अस्वस्थता दिवस मावळल्यावर वाढते. कुणी घरी जायचे म्हणून दाराशी उभे राहते, कुणी भीतीने हात उगारते. मावशी तो हात हळूच बाजूला करून म्हणतात, "आजी, आधी चहा घेऊ, मग निघू."

आमच्याकडे रात्री 18 जणांमागे दोनच मावशी असत. रुग्णाला दोघींनी मिळून चादरीसकट सरकवायचे असते. पण एक दुसऱ्या खोलीत अडकली की उरलेली एकटीच उचलते. काही वर्षांत तिची कंबर धरते. बदली माणूस नसला की तीच पुढची पाळीही करते. मग औषधाची वेळ टळते, कूस बदलायची राहते, आवाज चढतो. यातले पुष्कळसे निष्काळजीपणापेक्षा थकव्याने घडते आणि ते सोसावे लागते अंथरुणावरच्या माणसाला.

म्हणून मावशींना साप्ताहिक सुटी मिळते का, आजारपणात बदली कोण येते, उचलायला दोघी असतात का, हे व्यवस्थापकांना अवश्य विचारा. मासिक शुल्कात घासाघीस करताना ती कुणाच्या पगारातून भरून निघेल, याचाही विचार करा. आपल्या माणसाच्या सवयी कागदावर लिहून द्या. तक्रार असेल तर चारचौघांत न बोलता व्यवस्थापकांशी बोला.

आपण स्वतः तेथे राहत असाल आणि शक्य असेल, तर कूस बदलताना गुडघा वाकवून पलंगाचा कठडा धरा. तेवढ्यानेही मावशींचा भार हलका होतो.

आणि घरीच कुणाची शुश्रूषा करीत असाल, तर हा हिशेब स्वतःलाही लावा. आठवड्यातून एक रात्र तरी दुसऱ्या कुणावर जबाबदारी सोपवून सलग झोप घ्या. रुग्णासाठी तीही आवश्यक आहे.