एक प्रत परगावी

गेल्या ज्येष्ठातील गोष्ट. वीज कडाडली आणि घरातील संगणक मुका झाला. यंत्राची हळहळ वाटली नाही; पण त्यात आईच्या आवाजातील चाळीस जात्यावरच्या ओव्या होत्या आणि आईला जाऊन चार वर्षे झाली होती. शाळेच्या निकालपत्रकांच्या तीन-तीन प्रती करून घेणारा मी मुख्याध्यापक. घरच्या ठेव्याची दुसरी प्रत मात्र त्याच संगणकाला जोडलेल्या हार्डडिस्कवर ठेवली होती. दोन्ही एकदमच गेल्या.

सायंकाळी मन रमेना, म्हणून लक्ष्मीनारायणाच्या देवळात जाऊन बसलो. आमच्या जैनथचा परमार जगद्देवाच्या काळातील शिलालेख आठवला. तो दगडात कोरलेला. तरीही त्याचे वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’त छापले गेले आणि दूरदूरच्या ग्रंथालयांत पोचले. दगडालाही दुसऱ्या प्रतीचा आधार, तेथे हार्डडिस्कचा काय पाड!

पुढे नागपूरच्या बहिणीकडे एका पेनड्राइव्हवर अकरा ओव्या सापडल्या. आता मी तीन प्रती ठेवतो : एक संगणकात, दुसरी वेगळ्या हार्डडिस्कवर, जी काम होताच सोडवून कपाटात ठेवतो, तिसरी बहिणीकडे. दरमहा त्यांतील एखादी ओवी उघडून ऐकतो, कारण वेळेवर उघडत नाही ती प्रतच नव्हे.

वाचकहो, आपल्या घरातील असा आवाज आजच परगावी पोचवा. माझ्या एकोणतीस ओव्या आता कोणाच्याच घरी नाहीत.